उतार

आठ वर्षं त्या भिंतीवर शिसपेन्सिलीनं रेघ ओढत आले.
आषाढात बुरशी जिथवर चढली तिथवर रेघ, शेजारी तारीख,
पोरांची उंची चौकटीवर मांडतात तशी.
पोरगा दहावीनंतर वाढायचा थांबला.
ही थांबली नाही.

खानापुरात जूनमध्ये टांगलेली छत्री
सप्टेंबरात वाळते, त्याची तक्रार नाही.
पण शिलाई मशीन त्याच भिंतीला लागून.
खिडकी तिथं, उजेड तिथं,
हुकं-काजं दुसरीकडं दिसत नाहीत.
हलशीच्या एका बाईनं घालून बघायच्या आधी
ब्लाउज नाकाशी नेला.
बोलली काही नाही.
पैसे दिले, सुट्टे घेतले नाहीत,
पुन्हा आली नाही.

काय काय केलं म्हणून सांगू.
चुन्यात मोरचूद घातला,
दोन महिने भिंत देवळासारखी निळसर.
ब्लीचिंगनं हाताची सालं गेली.
बेळगावच्या रविवार पेठेतनं रंगाचा डबा आणला,
डब्यावर दहा वर्षांची हमी
आणि हसणारं कुटुंब.
आमच्या ह्यांनी शंभराचा बल्ब रात्रभर
भिंतीच्या तोंडावर लावून ठेवला,
चौकशीला बसवतात तसा.
भिंत काही कबूल झाली नाही.
दिवाळीला पांढरी,
नागपंचमीला पुन्हा तिळाएवढे ठिपके,
मग वाटाण्याएवढे,
मग मी मापं घेणं सोडलं.

नंदगडचा फकीराप्पा गौंडी आला होता
कौलं चाळायला.
शिडीवरनं उतरता उतरता त्यानं विचारलं,
"नीर येल्लिंद बरतैती, अक्का?"
पाणी येतंय कुठनं.
हे जाईल कशानं, एवढंच मी विचारत आलेले.
येतं कुठनं, हे मराठीत कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानं पोराची जुनी गोटी मागितली,
अंगणातल्या काँक्रीटवर फाटकापाशी ठेवली.
गोटी जरा थबकली.
मग निघाली.
रस्त्याकडं नाही,
घाडींच्या गटारीकडं नाही,
सरळ येऊन आमच्या जोत्याला
टक्.

ते काँक्रीट मामंजींनी घातलेलं.
मी नवी होते, घमेली मीही उचललीत.
घाडी म्हणालेले, तुमचं पाणी आमच्या जागेत नको.
मामंजी म्हणाले, थेंब येणार नाही.
आणि उकिडवे बसून, पाण्याची नळी धरून,
बोटाबोटानं उतार आत वळवला.
शब्दाचे पक्के होते.
त्यांच्या बाराव्याला घाडींकडचं कुणी जेवायला आलं नाही.

तीन दिवस गोटी पदरात बांधून हिंडले.
चौथ्या दिवशी इंदुमती घाडीच्या दारात
गाठ सोडून दाखवली.
तिनं गोटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
"पाइप तुमचा," म्हणाली, "झाकणं आमची.
सिमेंट अर्धं अर्धं."
मी व्हय म्हटलं.
पायरी उतरताना मागनं हाक,
"ब्लाउज घेशील काय गं शिवायला?
इतकी वर्षं बेळगावला टाकालोय."

माघात काँक्रीट फोडलं.
गिलावा कमरेच्या वरपर्यंत खरवडला.
आठही रेघा, तारखांसकट,
पाटीतनं बाहेर गेल्या.
आतला चिरा लाल, ओला,
सोललेल्या गुडघ्यासारखा.
"उन्हाळाभर उघडाच ठेवा," फकीराप्पा म्हणाला,
"रंगाचा शहाणपणा करू नका."
पाहुणे विचारायचे, पैसे संपले काय?

आता पुन्हा आषाढ.
पेन्सिल मशीनच्या खणात आहे अजून.
रात्री उठून तळवा लावते.
गार आहे. ओली नाही.
नाकाचा मात्र विश्वास बसत नाही,
देण्याआधी एकेक ब्लाउज हुंगून बघते,
इंदुमतीचासुद्धा.

बाहेर धो धो चाललंय.
आमचं पाणी घाडींच्या जागेतनं जातंय,
झाकणांखालनं, गुळगुळ आवाज करत.
पायडलवरचा पाय थांबवून
थोडा वेळ ते ऐकते,
मग काजं करायला घेते.